तंबूतला उजेड

पार्सलनं तंबू आला त्या दिवसापासून सुरभीनं घर डोक्यावर घेतलं होतं. पाच वर्षांची पोर, पण हट्टाला पेटली की कुणाचं ऐकणारी नाही. तंबू अंगणात चालणार नाही, वावरातच लावायचा आणि सगळ्यांनी त्यातच झोपायचं. हरभऱ्याच्या जागलीला, रात्रीच्या राखणीला, रजतला तसंही बोरी अरबच्या शेतात जावंच लागायचं, कारण रानडुकरं एका रात्रीत पिकाचा चिखल करतात. तो म्हणाला, चला, एक दिवस सगळेच जाऊ. घोडं अडलं ते उजेडापाशी.

त्याची बायको निकिता या बाबतीत कुणाचं काही चालू देत नव्हती. रजतच्या वडिलांनी, सदाशिवरावांनी, आपला कंदील पुसूनबिसून काढून ठेवला होता. तिनं तो आल्या पावली परत पाठवला. तंबूचं कापड नायलॉनचं, त्याला एक ठिणगी पुरे. मेणबत्तीचं तर नावच काढायचं नाही. दारव्ह्याच्या बाजारातून रजतनं हौसेनं चांदण्यांची माळ आणली, तर तिनं मागचं झाकण नखानं उघडून आतले गोल चपटे सेल त्याच्या तळहातावर ठेवले. धाकटा पिंटू दीड वर्षाचा, सापडेल ते तोंडात घालणारा.

"हे गिळलं त कुठं धावसान?" एवढंच तिनं विचारलं.

माळ कपाटावर गेली. शेवटी चार्जिंगच्या बल्बवर एकमत झालं आणि तो चार्ज करायचं काम रजतनं अंगावर घेतलं. अर्थात, तो ते साफ विसरला.

शेतात तंबू उभा राहिला, सूर्य तुरीआड गेला, आणि बल्बनं दोनदा डोळे मिचकावून मान टाकली. निकितानं विझलेला बल्ब रजतच्या हातात ठेवला. तो तडक झटका मशीनकडे गेला. वावराभोवतीच्या तारेला हे मशीन थांबून थांबून झटका देतं. डुक्कर तारेला लागलं की किंचाळत पळतं, पण मरत नाही. मशीनची बॅटरी जुनी, मशीन आणि दिवा दोन्ही तिला ओढवेनात. म्हणून त्यानं मशीन बंद केलं, तिथंच पडलेला छोटा एलईडी दिवा बॅटरीला जोडला आणि वायर ओढून तो तंबूच्या बाहेरून, पिंटूचा हात पोचणार नाही असा उंच टांगला. निकितानं वायर चाचपली, दिवा तापतो का ते हात लावून पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

रजतला मात्र चैन पडेना. मशीनची टक् टक् थांबली की त्याला वावर उघडं पडल्यासारखं वाटायचं. तो उठायचा, वावराच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत जायचा, कान द्यायचा, परत यायचा. भाकर हातात आणि लक्ष हरभऱ्यात. निकितानं बसवलं तर बसला, आणि घास संपायच्या आत पुन्हा उठला.

तेवढ्यात सुरभी धापा टाकत आली.

"बाबा, आज तार चावून नाही राह्यली. मी दोन्ही हातानं धरली."

तार चावते, हे त्यानंच तिला ती चालायला लागल्यापासून शिकवलं होतं. त्याला हसू आलं. पिंटूनं पाण्याची बाटली सांडली, ती उचलायला तो वाकला, आणि वाकल्यावाकल्या त्याला नाल्यापलीकडची तार आठवली.

ती रामधनकाकाची. दिसायला अगदी अशीच. पण रामधनकाका मशीनच्या भानगडीत पडत नसे. अंधार पडला की यायचा, विजेच्या खांबावर आकडा टाकायचा आणि घरात असतो तो करंट सरळ तारेत सोडायचा. मागच्या साली त्या तारेला एक गाय चिकटून मेली आणि सकाळ व्हायच्या आत पुरली गेली. सगळ्या शिवाराला माहीत होतं, रजतलाही. शेजार बिघडवायचा कशाला म्हणून सगळे गप्प.

त्यानं वर पाहिलं तर सुरभी नव्हती. आपल्याच तारेचं समजून निकिता सहज म्हणाली, तिकडची तार पाहून येते म्हणून गेली.

रजत बाहेर आला, पण त्याला काही दिसेना. दिव्यानं डोळे असे दिपले होते की दहा पावलांपुढं नुसता काळोख. त्यानं वायर उपसून दिवा विझवला. आत पिंटूनं भोकाड पसरलं. हळूहळू धुरा दिसला, मग नाला, आणि पांदणीच्या वाटेनं येणारा रामधनकाकाच्या मोटरसायकलचा उजेड. गाडी खांबाकडे वळली तसा नाल्याच्या पलीकडच्या काठावर सुरभीचा पिवळा स्वेटर उजळला. पोरीचे दोन्ही हात तारेवर होते.

रजत ओरडत धावला. गाडीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. आपलाच हरभरा तुडवत, आपल्याच मेलेल्या तारेखालून सरपटत, कोरडा नाला उतरून तो चढला आणि त्यानं पोरीला तारेवरून ओरबाडून काढलं. तिला तसंच कडेवर घेऊन तो खांबापाशी गेला. रामधनकाकानं आकड्याचा बांबू उचललेला होता.

"काका, बांबू खाली ठेवा."

"काहून रे?"

"माही पोरगी आत्ता तुमच्या तारेले धरून उभी होती."

रामधनकाकानं सुरभीकडे पाहिलं. बांबू आपोआप खाली आला. मग तो पुटपुटला की एवढं लेकरू वावरात कायले आणायचं.

"गायीच्या वक्ती मी गप्प राह्यलो," रजत म्हणाला. "उद्या लाइनमनले सांगतो. तुमाले राग येऊ द्या."

परत आल्यावर त्यानं आधी मशीन चालू केलं. टक् टक् सुरू झाली. मग सुरभीला हातभर अंतरावर उभं केलं, पाह्य म्हणाला, आणि स्वतः तारेला हात लावला. खांद्यापर्यंत हिसका बसला आणि तो मटकन खाली बसला. सुरभी रडतरडत त्याच्या बोटांवर फुंकर घालत राहिली.

"रामधनआजोबाची बी अशीच चावते?" तिनं विचारलं.

"नाही बाई. थे चावत नाही. थे धरलं की सोडतच नाही."

सुरभीनं दोन्ही हात स्वेटरच्या आत ओढून घेतले. पिंटूला खांद्यावर टाकून निकितानं घरी परतायला तंबूच्या खुंट्या चाचपत उपसायला घेतल्या, आणि उजेड कुणीच मागितला नाही.