शनिवारची छाती

माझा राग लवकर जात नाही, असं घरचे म्हणतात, आणि खरंच म्हणतात. पण काही राग जाऊच नयेत. कौतिकच्या छातीचा राग त्यातला आहे.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, आणि बुऱ्हाणपूर नागपूरचं राहिलं नाही, भोपाळचं झालं. तापी होती तिथंच होती, सरकारी दवाखानाही होता तिथंच होता. बदलले ते आमचे वरिष्ठ. चार जुन्या राज्यांतले डॉक्टर एका ज्येष्ठतेच्या यादीत बसवायचे होते, आणि कोण कुणाच्या वर नि कोण कुणाच्या खाली याशिवाय वर्षभर दुसरा विषय नव्हता. आमचे मुख्य डॉक्टर दिगंबरराव चौधरी. माणूस हुशार, निदान पक्कं, पण त्या यादीनं त्यांची झोप उडवली होती. त्यांच्या हाताखाली मी, विमल महाजन, लेडी डॉक्टर. बाळंतपणं माझी, आणि खिडकीवर जे येतील ते रोगीही माझे.

येत होते ते गिरणीचे लोक, रुई पिंजण्याच्या खात्यातले. तिथं कापूस हवेत इतका उडतो की पाळी सुटली की तरणे गडीसुद्धा पांढऱ्या भुवया घेऊन बाहेर पडतात. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: शनिवारी छाती आवळते.

"शनी हाय तो, डॉक्टरबाई," कौतिकनं मला समजावून सांगितलं. "माह्या राशीलेच बसला हाय."

कौतिक पस्तिशीचा, अंगानं काटक, बरीच वर्षं त्या खात्यात घालवलेला. त्याची बायको रंभाबाई त्याला शनिवारी उपास घडवायची आणि मारुतीला तेल वाहायला लावायची. रविवारी त्याला जरा बरं वाटे, सोमवारपर्यंत आणखी बरं. म्हणजे तेल पोचलं! खात्यातले निम्मे गडी असेच शनिवारी संध्याकाळी धापा टाकत मारुतीपुढं वाट्या घेऊन उभे असत.

मी ऐकून घेतलं. पण त्याच खात्यातले मोमीन मुसलमान कारागीरही शनिवारीच धापा टाकत येत, आणि त्यांच्या घरी शनीला कोण विचारतो? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात माग बंद असतात जुम्म्याला, म्हणून गिरणीची सुट्टीही शुक्रवारची. एक दिवस मोकळ्या हवेत राहिलेली छाती शनिवारी पुन्हा रुईत शिरली की चवताळते, आणि मग दोन-तीन दिवसांत निवळते. विलायती पुस्तकात हेच दुखणं सोमवारचं म्हणून दिलंय, कारण तिकडे सुट्टी रविवारी.

हे सिद्ध करणं फार गरजेचं होतं. गिरणीचा नियम सरळ होता: खोकणारा तो टीबीवाला, आणि टीबीवाला तो बाहेर. एकदा तो शिक्का बसला की नोकरी जाई, शेजारपाजार तुटे, पोरीबाळींची लग्नं अडत. रंभाबाईनं कौतिकची थाळी आणि लोटा आधीच वेगळा ठेवला होता, आणि लेकरांना ती त्याच्या खाटेपाशी फिरकू देत नव्हती. मी त्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पुन्हा पाहिली. एकही जंतू नव्हता. पण एका माणसाच्या थुंकीनं गिरणी कशी ऐकणार? अख्ख्या खात्याचा दम आठवडाभर मोजून दाखवायला हवा होता.

नागपूरनं मला त्यासाठी आठवड्यातल्या दोन दुपारी दिल्या होत्या आणि श्वास मोजायचं यंत्र कबूल केलं होतं. राज्य बदललं, दुपारी गेल्या, यंत्र आलंच नाही. मग मी हुतुतू लावला. घड्याळ माझ्या हातात, गडी समोर, एका दमात हुतुतू किती वेळ चालतो ते बघायचं. कुणाला हसू येईल. येऊ दे.

दिगंबररावांना हसू आलं नाही. "विमलबाई, हा दवाखाना आहे की आखाडा? संशोधन कॉलेजात करतात. आपण रोगी बघायचे."

"साहेब, रोगी इथं आहेत. कॉलेजात जाऊन कुणाची छाती मोजू?"

"भोपाळहून तपासणीला साहेब येताहेत. त्यांच्यापुढं ठेवा. ते हो म्हणाले तर दुपारी तुमच्या, नाही म्हणाले तर विषय संपला. आणि कृपा करून त्यांच्याशी वाद घालू नका. यादी अजून पक्की झालेली नाही."

म्हणजे बघा, एका खात्याचा श्वास एकीकडे आणि यादीतली एक पायरी दुसरीकडे, आणि जड झाली ती पायरी!

साहेब आले. मी हात जोडून म्हटलं, शनिवारी पाळी सुटताना बघा. पण साहेबांनी ते विलायती पुस्तक वाचलेलं होतं, आणि तेच नडलं.

"मंडे की बीमारी है न? तो मंडे को ही देखेंगे."

"सर, यहाँ छुट्टी जुम्मे को होती है. इसलिए शनिवार को..."

"अच्छा! तो बीमारी भी कैलेंडर देखकर आती है?" साहेब हसले, आणि त्यांच्यामागून दिगंबररावही हसले.

कौतिकला शनी दिसत होता आणि साहेबांना सोमवार. गिरणीची सुट्टी कधी असते हे विचारायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. कौतिकचं मी समजू शकते. साहेबांना पगार कशाचा मिळत होता?

सोमवारी गडी दवाखान्यात आले. छात्या निवळलेल्या होत्या, हुतुतू लांब चालला. साहेबांनी नळी लावली, मान हलवली. कौतिकला मात्र नेमका त्यांच्यासमोर खोकला आला, जुना, कोरडा. "खांसी है, दुबला है. टीबी मानकर चलिए," साहेब म्हणाले आणि जेवायला गेले. त्याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. दिगंबररावांनी सही केली, गिरणीला कळवलं, आणि मंगळवारी कौतिकला फाटकातूनच परत पाठवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी दिगंबररावांच्या खोलीत दार न ठोठावता शिरले.

"त्याच्या थुंकीत जंतू नाहीत. मी दाखवते, आत्ता बघा."

"मोठ्या साहेबांनी सांगितलंय, बाई."

"मोठ्या साहेबांनी त्याची थुंकी पाहिली का?"

ते चिडले. "दवाखान्यात येणाऱ्या रोग्याला तपासायला तुम्हाला कुणी अडवलंय? खुशाल तपासा! ते घड्याळ आणि हुतुतू तेवढं बंद करा."

मला गप्प करायला बोलले ते. मी मात्र तेवढंच उचललं. कौतिक आणि रंभाबाई व्हरांड्यात औषधाला बसले होते. मी म्हटलं, "कौतिक, शनिवारी पाळी सुटली की सगळ्या खात्याला इथं घेऊन ये. रोगी म्हणून."

"मी कायले येऊ? मले तं काढलं न."

"तूही ये."

शनिवारी दुपारी सगळे आले. डोक्यात, मिशांत, पापण्यांत रुई. व्हरांडा भरला, पायऱ्या भरल्या, कुणी उभ्याउभ्या भिंतीला टेकून दम खात होतं. एवढे रोगी मी एकटी बघणं शक्यच नव्हतं. मी दिगंबररावांची खुर्ची माझ्या शेजारी मांडली आणि निरोप पाठवला. रोगी बघायचे असतात ना? या मग.

त्यांनी पहिल्याच्या पाठीला नळी लावली आणि वर पाहिलं. दुसऱ्याच्या लावली. आतून शीळ येत होती ती त्यांच्या शेजारी बसून मला नुसत्या कानांनी ऐकू येत होती. पाच-सहा जण झाल्यावर त्यांनी कपाळ पुसलं.

"सगळ्यांना टीबी लिहू का?" मी विचारलं. त्यांनी पुढच्याला बोलावलं.

मग कौतिक पुढं आला. त्याच्यामागं रंभाबाई, पदर तोंडाला लावून. "साहेब, ह्या शनवारी तेल बी नाही वाह्यलं," ती घाबरत म्हणाली. "घरातच नव्हतं तं मारुतीले कुठून देऊ? काही वंगाळ तं नाही न झालं त्याहीले?"

दिगंबररावांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं, पुन्हा पुढून ऐकलं. "याच्या छातीत आज काही नाही," ते हळूच म्हणाले.

"कसं असेल? मंगळवारपासून तो रुईत गेलेलाच नाही." माझा आवाज चढला, चढू दिला. "ज्याला टीबी म्हणून तुम्ही बाहेर काढलंत, तो एकटा या व्हरांड्यात धड आहे, साहेब."

त्यांनी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग त्यांनी कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं की कौतिकला टीबी नाही, आधीचं निदान चुकीचं होतं. खाली सही केली. "तुमच्या दोन्ही दुपारी घ्या," ते मला म्हणाले, "घड्याळही घ्या. वरून विचारलं तर माझं नाव सांगा." यादीचं नाव त्या दिवशी त्यांनी काढलं नाही. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण रागात ते राहून गेलं.

रंभाबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि नवऱ्याला अगदी खेटून बसली. कौतिकनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"मंग उद्यापासून जाऊ न खात्यात?"

दिगंबरराव माझ्याकडे बघू लागले आणि मी त्यांच्याकडे. तो बरा होता कारण तो तिथं गेला नव्हता. जाऊ नको, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण त्याला दुसरं काम मी कुठून देणार होते? आणि खात्यातली धूळ कमी करा असं गिरणीला सांगायला माझ्याकडे अजून पुरावा कुठं होता?

"जा," मी म्हणाले.

पुढच्या शनिवारी पाळी सुटली आणि सगळ्यांच्या आधी कौतिकच आला, दाराच्या चौकटीला धरून, धापा टाकत. मी उठून त्याला आत घेतलं, समोर बसवलं. राग होता तो होताच. तरी मी घड्याळ काढलं आणि त्याला म्हटलं, "हं, कर सुरू."