महापौरांचा अखंड टाय

आल्टेनवेर्थच्या लोकांनी डॉ. लांबर्ट हास्बाख यांना महापौर केलं, ते काही त्यांच्या गुणांवर भाळून नव्हे. महापौर झाले की त्यांची वकिली बंद होईल, एवढाच त्यामागे सुज्ञपणा होता. ऱ्हाइनकाठच्या या गावात शेजाऱ्याचं कुंपण बोटभर वाढलं, की हास्बाखांची नोटीस आलीच. त्यांनी ज्यांना खटले जिंकून दिले, ते लोकसुद्धा त्यांना पाहून रस्ता ओलांडत.

सगळ्यात गाजला तो त्यांचा पहिला खटला. कार्निव्हलच्या गुरुवारी बायका कात्र्या घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापून गालाचा मुका घेतात. सलूनवाल्या सिबिला ड्रेसननी एकदा परगावच्या विमा एजंटाचा टाय असाच कापला. तरुण हास्बाखांनी त्याचं वकीलपत्र घेतलं आणि संमतीशिवाय कापला म्हणून सिबिलाबाईंकडून भरपाई वसूल केली. विजय इतका दणदणीत, की तेव्हापासून त्यांना केस कापायला शेजारच्या गावी जावं लागे.

महापौर म्हणून कार्निव्हलच्या पहिल्याच गुरुवारी त्यांनी कापून घ्यायला मुद्दाम स्वस्तातला पिवळा टाय घातला. प्रथेप्रमाणे बायका नगरभवनात घुसल्या, गावाची चावी हिसकावली, खजिनदाराचा टाय कापला, शिपायाचा कापला. पाद्रीबाबांना टाय नव्हता, तर त्यांच्या बुटाची नाडी कापली. महापौरांशी मात्र सगळ्यांनी अदबीनं हात मिळवला.

"अहो, माझा राहिला की!" हास्बाख हसत म्हणाले.

"छे छे, वकीलसाहेब," सिबिलाबाई म्हणाल्या. "कोर्टाची पायरी एकदा चढलेय मी. हौस फिटली."

खाली चौकात सगळं गाव टायचे तुकडे लोंबकळवत बिअर पीत होतं आणि गावाचा पहिला नागरिक अख्ख्या टायनिशी खिडकीत उभा होता. शाळेत कुणी खेळायला घेत नसे, तेव्हा वाटायचं तसंच त्यांना वाटलं. त्यांनी दार लावलं, टेबलावरची कात्री उचलली आणि स्वतःच टाय कापून चौकात उतरले.

सिबिलाबाईंनी त्यांच्या गळ्यातला तुकडा निरखला. "काप फार सरळ आलाय हो! इतक्या बिअरवर आमच्यातली एकही एवढं सरळ कापत नाही. कुणी कापला? नाव सांगा. संमती होती ना तुमची? नाहीतर भरपाई मागू!"

चौक खदखदून हसला. हास्बाखांचे कान लाल झाले.

"मीच कापला," ते पुटपुटले. "कुणी कापेना, म्हणून."

हसू थांबलं. सिबिलाबाईंनी कात्री उघडली.

"वाक खाली, लांबर्ट."

लहानपणी त्याचे केस कापताना त्या असंच म्हणत. उरलेला टाय त्यांनी गाठीपाशी वेडावाकडा कापला. त्यात शर्टाचं बटणही गेलं. मग गालाचा मुका घेऊन म्हणाल्या, "आता जा कोर्टात! आणि कार्निव्हल उरकला की सलूनमध्ये ये. त्या शेजारगावच्या मेल्यानं डोक्याचं काय करून ठेवलंय तुझ्या!"

सोमवारच्या कार्निव्हल मिरवणुकीतही महापौरांच्या गळ्यात ती गाठ होती. बायकोनं शर्ट धुवायला मागितला, तर घाईघाईनं मागे सरले.

"हात लावू नकोस," ते म्हणाले, "पुरावा आहे तो."