तीन नंबरची मुलं

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी शोधत बसायला नको.

ती विद्यापीठात डॉक्टर. सुया टोचणारी नव्हे, आकड्यांची. मी शिक्षण खात्याच्या सांख्यिकी शाखेत कारकून, बावीस वर्षं. आकडे तिचेही आणि माझेही. तिचे पडद्यावर रंगीत होऊन नाचतात, माझे कपाटात पिवळे पडतात.

त्या वर्षी खात्याने विद्यापीठाशी करार केला. खातं माहिती देणार, विद्यापीठ ती तपासणार आणि त्यावरून धोरण ठरणार. प्रश्न एकच होता: कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत घातली तर मुलांचं भलं होतं का? उत्तर 'हो' आलं की आणखी सहाशे शाळांना कुलूप. आणि विद्यापीठाकडून आलं कोण? आमची धाकटी.

सासूबाईंचे नातेवाइकांना फोनवर फोन सुरू झाले. "अहो, सचिव स्वतः उठून उभे राहिले तिच्यासाठी!"

मी त्याच दालनात होते, मागच्या भिंतीला टेकून, सह्यांच्या फायली धरून. सचिव पंख्याचं बटण शोधायला उठले होते. पण सांगणार कोण.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली.

"वहिनी, जरा त्रास देऊ?"

"दे की. त्यासाठीच बसवलंय मला इथे."

"ह्या रकान्यात तीन म्हणजे काय?"

"बदली. मूल दुसऱ्या शाळेत गेलं. तक्त्यावर लिहिलंय."

"ते वाचलं मी. पण बंद झालेल्या शाळांत झाडून सगळ्यांपुढे तीन आहे. एकाही मुलाने शाळा सोडली नाही?"

"नसेल सोडली. चिकाटीची असतील. तुझ्यासारखी."

ती हसली. तिला टोमणा कळत नाही की कळून ती पचवते, हे मला लग्नापासून उमगलेलं नाही.

खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण ते तीन मीच टाकले होते. चार वर्षांपूर्वी पहिल्या फेरीत दोनशे बारा शाळा बंद झाल्या. प्रत्येक मुलापुढे काही ना काही आकडा पडल्याशिवाय संगणक शाळा बंद करू देईना. शाळा सोडलेल्या मुलापुढे चार लिहायचा. पण एका चारामागे मुख्याध्यापकाला खुलासा द्यावा लागतो, म्हणून चार कुणी लिहीतच नाही. संचालक म्हणाले, "बाई, सरसकट तीन टाका. संध्याकाळपर्यंत यादी वर गेली पाहिजे." टाकले. एक कळ दाबली आणि नऊ हजार मुलं बदलून गेली. कुठे गेली, ते कळीला काय माहीत.

मग मला चैन पडेना. एका पट्ट्यातल्या अठरा शाळा घेतल्या आणि दोन महिने जेवणाच्या सुट्टीत नव्या शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करत सुटले. एकेक नाव विचारलं. अकराशे चाळीस मुलांतली तीनशे सतरा नव्या शाळेत पोहोचलीच नव्हती. कुणाला शाळा लांब पडली, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायला घरी ठेवलं. मी टिपणी लिहून वर पाठवली. परत आली तेव्हा कोपऱ्यात दोन शब्द होते: 'पाहिले. दप्तरी.' म्हणजे कपाटात पुरून टाका.

आता हेच मी धाकटीला सांगायचं, तिने ते पडद्यावर लावायचं आणि लोकांनी माना डोलवायच्या! मी सांगितलं तर कटकट, तिने सांगितलं तर संशोधन. मी ठरवलं, पडू दे तोंडावर. ती पडणारच होती. पोहोचलेलीच मुलं मोजली तर निकाल वाढलेला दिसणार. बुडाले ते सोडायचे आणि पोहणाऱ्यांना बक्षीस द्यायचं, असला हिशोब. शेवटच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी त्या तीनशे सतरा नावांची यादी काढणार होते. सहाशे शाळांचा विचार मनात आला की मी दुसरं काम हातात घ्यायची.

तिने आणखी दोनदा विचारलं, एकदा तर लेखी. मी खाली लिहिलं, 'तक्ता पाहावा.'

घरी नवरा म्हणाला, "अगं, तिला जरा मदत कर. बिचारी दिवसदिवस तुमच्या खात्यात बसते."

"मी बावीस वर्षं बसतेय. मला कधी बिचारी म्हणालात?"

"तुझं वेगळं."

"काय वेगळं?"

त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

बैठकीला सचिव, संचालक आणि विद्यापीठाचे दोन प्राध्यापक होते. मी मागच्या रांगेत. पर्समध्ये यादी. धाकटीने पडद्यावर पट्ट्या दाखवल्या. बंद शाळांतून आलेल्या मुलांचे गुण वाढलेले.

"वा!" सचिव म्हणाले. "म्हणजे झालंच काम."

माझा हात पर्सच्या चेनवर गेला.

"नाही साहेब, झालं नाही," धाकटी म्हणाली. "बदली लिहिलेल्या दर दहा मुलांतली जवळपास तीन मला पुढे कुठल्याच शाळेत सापडत नाहीत. ती कुठे गेली हे कळेपर्यंत ही वाढ मी खरी मानणार नाही."

शोधलंन! मी तोंड शिवून बसले तरी शोधलंन. मुलांसाठी बरं वाटायला हवं होतं. मनात आलं ते एवढंच, की मेली हेही घेऊन गेली.

"नोंदीत थोडं इकडेतिकडे होतंच," सचिव म्हणाले. "सातांचं भलं झालं ना? आणि ही तीन मुलं म्हणजे नक्की कोण? नावं आहेत?"

"नावं नाहीत. खात्याने मला नुसते क्रमांक दिलेत."

"संगणकाचा दोष असणार, साहेब," संचालक म्हणाले. "आमच्या नोंदी चोख असतात."

सचिवांनी आदेशाचा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. धाकटी एकटी उभी होती. मी बोलले तर ती जिंकत होती. गप्प बसले तर सहाशे कुलपं.

मी उठले ती मुलांसाठी, असं लिहिलं तर वाचायला छान वाटेल. पण मला उठवलं त्या 'चोख' शब्दाने.

"नावं माझ्याकडे आहेत," मी म्हटलं. "दोष संगणकाचा नाही. कळ मी दाबली, दाबायला ह्या संचालकसाहेबांनी सांगितली. चार वर्षांपूर्वी टिपणी दिली होती. कपाटात आहे."

संचालकांची मान माझ्याकडे वळली. मी तिकडे पाहिलं नाही. यादी उघडली आणि वाचायला लागले. नाव, इयत्ता, जुनी शाळा, पोहोचलं नाही. नाव, इयत्ता, जुनी शाळा, पोहोचलं नाही. अकराव्या नावाला सचिवांनी टोपण लावलं.

"किती आहेत अशी?"

"अठरा शाळांतली तीनशे सतरा. उरलेल्या शाळांत कुणी मोजलंच नाही."

आदेश थांबला. तीन महिन्यांत सगळ्या बंद शाळांची मुलं नावानिशी शोधायची असं ठरलं. शोधायची आम्ही दोघींनी.

बाहेर जिन्यात धाकटीने मला गाठलं. हसत नव्हती.

"तीनदा विचारलं मी तुम्हाला."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"जळत होते."

तिला सबब हवी होती, ती मिळाली नाही. ती म्हणाली, "आणि आज सही झाली असती तर, वहिनी?"

मी यादी तिच्या हातात दिली.

सोमवारी आम्ही माझ्या टेबलाशी बसलो. पहिला फोन तिने लावला, गोड आवाजात. मुख्याध्यापक म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे, मॅडम. पट पूर्ण आहे." तिने कागदावर 'पूर्ण' लिहिलं.

मी रिसीव्हर तिच्या हातातून घेतला. "गुरुजी, पट पूर्ण आहे ते मलाही दिसतंय. हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली, न आलेल्या मुलांची नावं किती, ते सांगा. खुलासा मागणार नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.

"चौदा," गुरुजी म्हणाले.

"चौदा," मी धाकटीला सांगितलं.

"पेन्सिलीचं तुम्हाला कसं माहीत?"

"बावीस वर्षं काय माश्या मारल्या मी?"

तिने 'पूर्ण' खोडलं. खोडताना ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मी आरशात पाहून चांगली ओळखते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी रिसीव्हर परत कानाला लावला. "हं, गुरुजी. एकेक नाव सांगा. सावकाश. इथे मॅडम लिहून घेतायत."