पायाळूचा पाट

मी पाट बोलतोय. जरा सावकाश बोलेन, लाकडाचं मन हळूच चालतं. सकाळचं ऊन अंगावर आलं की मला अजून डुलकी लागते, आणि त्या डुलकीत मी झाड असतो. गरियाबंदच्या जंगलातलं बीजाचं, म्हणजे बिबळ्याचं, झाड. सालीतून लाल डिंक ओघळतो आहे, एखादा पक्षी उगाच चोच घासून जातो आहे. मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि मी पुन्हा पाट होतो. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातला, तलावापासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरातला पाट.

मला घडवून घेतलं ते अच्युतच्या आईने. अच्युत पायाळू. म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. पायाळू माणसावर वीज पडते, आणि जवळ लोखंड असलं तर हमखास पडते, असं कुणीतरी त्या माउलीच्या मनात भरवून दिलं होतं. तिने सुताराला बजावलं, "एक बी खिळा मारायचा नाही. लाकडाच्या खुंट्या ठोक."

सुतार हसला. "बाई, पोट्टा पाटावर बसून जेवणार आहे का पाट डोक्यावर घेऊन पावसात नाचणार आहे?"

पण खुंट्याच ठोकल्या त्याने. त्या लहानग्या अच्युतचे आता अच्युतराव झाले, केस पिकले, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातली नोकरी सरली. जन्मभर लोखंडात काम केलं, आणि वीज काही पडली नाही.

पायाळूबद्दल आणखी एक समजूत आहे. त्याने पाठीला पाय लावला की भरलेली चमक उतरते. आमची माणसं नागपूरकडून इकडे येऊन पिढ्या लोटल्या. बोलण्यात हिंदी मिसळली, ताटात इकडची भाजी आली, पण ही समजूत त्यांनी लोणच्याच्या बरणीसारखी सांभाळून सोबत आणली. कुणाची कंबर धरली की तो सकाळी, चूळही न भरता, आमच्या दारात हजर. मला मधल्या खोलीत मांडायचे. माणूस माझ्यावर पूर्वेकडे तोंड करून बसायचा. अच्युतराव मागे उभे राहून आधी अंगठ्याने दुखरी जागा चाचपायचे. मग डावा पाय उचलून टाच पाठीवरून खाली फिरवायची, आणि शेवटी कमरेत एक हलका झटका. हे होईपर्यंत कुणी चकार शब्द बोलायचा नाही.

किती तऱ्हेची माणसं बसली माझ्यावर. रिक्षावाले बसले, हवालदार बसले, शाळेतल्या करड्या बाई बसल्या. एक गंमत सांगतो. पाठीमागे कुणी उभं राहिलं की प्रत्येक जण पोट आत ओढून घेतो, जणू दुखणं पाहणारा पोटही पाहणार आहे. आणि झटका बसला की सगळे एकाच आवाजात "हाऽ" करतात. उठताना निम्मी माणसं हसायची. ती बरी व्हायची की हात फिरला, कुणी लक्ष दिलं म्हणून हलकी व्हायची, हे मला कधी कळलं नाही. अच्युतरावांनी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. पण माणूस हसत गेला की त्यांची चाल दिवसभर वेगळी असायची.

त्यांची बायको प्रेमला. तीही अनेकदा माझ्यावर बसली होती. कधी धुणं जास्त झालं म्हणून, कधी पाहुण्यांचा स्वयंपाक अंगावर आला म्हणून. तिचं वजन मला ठाऊक होतं. भरल्या घागरीसारखं, स्थिर.

गेल्या हिवाळ्यात तिने गच्चीवर वाळत घातलेली गादी उचलली. एवढंच केलं. खाली आली ती भिंत धरत, आणि पलंगावर आडवी झाली ती कुशीवर वळेना. नात ईरा तिला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर ईराने आजोबांना समोर बसवून सांगितलं. या घरात तिच्याशी सगळे मराठीत बोलतात आणि ती हिंदीत उत्तर देते.

"आजोबा, चमक नहीं है. हड्डियाँ अंदर से कमजोर हो गई हैं. एक मणका दब गया है. डॉक्टर ने गोली दी है, धूप बोला है, चलना बोला है. और पीठ किसी को दबाने नहीं देना. झटका तो बिलकुल नहीं."

शेवटचं वाक्य म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. अच्युतरावांनी मान खाली घातली.

मग घरात औषधांची वर्दळ सुरू झाली. डॉक्टरची गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, उपाशी पोटी. ती घेतल्यावर अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही. त्याशिवाय ज्याला जे आठवेल ते. कुणी तिळाची चटणी दिली, कुणी मडियाची, म्हणजे नाचणीची, आंबील शिकवली. शेजारची बिसाहिन कुंपणावरचा हाडजोडीचा वेल तोडून घेऊन आली. "एखर चटनी खा ले दाई, हाड़ा जुड़ जाही, हव!" तुपात न परतता वाटलेल्या त्या चटणीने प्रेमलाच्या जिभेला अशी खाज सुटली की ती दिवसभर ताक पीत बसली. "हाडं राहू दे, माझी जीभच टाळूले जोडून टाकत होती ही," म्हणाली, आणि हसता हसता तिला कळ आली.

पाठ दुखतच होती. सावकाश भरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण सावकाश म्हणजे किती, हे दुखणाऱ्याला विचारावं. कमरेखालून कळ निघायची आणि प्रेमला खिडकीची जाळी धरून उभी राहायची. एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली,

"साऱ्या मोहल्ल्याच्या पाठीले पाय लावला तुम्ही. मलेच काहून नाही?"

"ईरा काय म्हणाली, ऐकलं ना तू?"

"ईरा लेकरू आहे. डॉक्टरनं फोटो पाहिला, माझी पाठ नाही पाहिली. तुम्ही पाहिली आहे." मग ती म्हणाली, "एकदा करून पाहा. मले नीट झोपायचं आहे हो."

त्या "झोपायचं आहे" ने ते विरघळले. आणि खरं सांगू का, त्यांनाही करून पाहायचंच होतं. आपल्या पायात जे आहे ते आपल्याच बायकोच्या कामी येऊ नये, हे त्यांना खात होतं.

ईरा कॉलेजला सकाळीच निघून गेली, तो दिवस त्यांनी निवडला. मला मांडलं. प्रेमला भिंतीला धरत धरत माझ्यावर बसली. आणि मी हादरलो.

ती इतकी हलकी झाली होती. घडी घातलेलं लुगडं कुणी अलगद ठेवावं तसं. ती बसली तेव्हा माझ्या लाकडाला जे कळलं, ते मला ओरडून सांगायचं होतं. अच्युतराव, थांबा. या पाठीत टाच झेलायची ताकद राहिलेली नाही. पण मी पाट. मला बोलायला आवाज कुठला? मी फक्त तिला माझ्या अंगावर पेलत राहिलो.

अच्युतरावांनी डावा हात दाराच्या चौकटीला टेकला. रीतीप्रमाणे आधी अंगठ्याने जागा चाचपली. वरून खाली, मणका मणका करत. एका ठिकाणी अंगठा थांबला. तिथे हाड बाहेर आलं होतं, आणि तिथे बोट टेकताच प्रेमलाचा श्वास आतल्या आत अडकला. तिने दातांवर दात दाबले, कारण बोलायचं नव्हतं. तो दाबलेला श्वास मला कळला. त्यांच्या अंगठ्यालाही कळला.

त्यांनी पाय उचलला. मी वाट पाहिली. पाय पाठीला न लागताच परत जमिनीवर आला. मग त्यांनी वाकून आपला तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि अगदी हळू फिरवला, लेकराला निजवताना फिरवतात तसा.

"हा पाय नव्हे," प्रेमला म्हणाली. रीत मोडली होती. "तुमचा पाय मले ओळखू येत नाही होय? फसवून राहिले का मले?"

"नाही होत माझ्यानं."

"काहून?"

अच्युतराव तिच्या समोर येऊन जमिनीवर बसले.

"लोकांच्या पाठी दगडावानी होत्या, प्रेमा," ते म्हणाले, "म्हणून माझा पाय चालला. पायात काही होतं का नव्हतं, मले माहीत नाही. पण तुझ्या पाठीवर मी तो आजमावून पाहणार नाही. आज तुझ्यावर नाही, उद्या कोणावर नाही. संपलं ते."

प्रेमलाने तोंड फिरवलं. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटली होती. घरातला शेवटचा उपायही हातातून गेला होता. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. मला भिंतीला टेकवून ठेवलं, तोंड भिंतीकडे. त्या अंधारात मी पुन्हा जंगलात जाऊन आलो. पण यावेळी मला झाड व्हावंसं वाटेना. मला या दोघांच्या घरातच राहायचं होतं.

शेवटी प्रेमलाच बोलली. "मग मी काय करू ते तरी सांगा."

अच्युतराव डॉक्टरकडेच परत विचारायला गेले. डॉक्टरांनी समता कॉलनीतल्या विनोदिनी दीदींचं नाव सांगितलं. त्या कमजोर हाडांच्या माणसांना योग आणि व्यायाम शिकवतात. काही दिवसांनी त्या घरी आल्या. शांत बाई. आधी त्यांनी प्रेमलाला पुढे वाकायची सगळी कामं बंद करायला सांगितली. "गोळी सोडायची नाही, आजी. माझं शिकवणं गोळीच्या शेजारी बसेल, तिच्या जागेवर नाही. चटणी, आंबील खा खुशाल. पण हाडाला काम पाहिजे. हळू, रोज, आपल्याच वजनाचं." मग खोलीभर नजर फिरवत त्यांनी विचारलं, "घरात एखादा बुटका पाट आहे का? न हलणारा?"

अच्युतरावांनी मला भिंतीपासून सोडवलं. माझ्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, घसरू नये म्हणून. आणि मला खिडकीच्या जाळीजवळ ठेवलं.

"चढायचं, थांबायचं, उतरायचं," विनोदिनी दीदी म्हणाल्या. "एवढंच."

एवढंच. पण प्रेमला माझ्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. जाळी एका हातात, नवऱ्याचा हात दुसऱ्या हातात.

"अहो, धरून ठेवा."

"धरलंच आहे. तू श्वास धरून ठेवला आहे, तो सोड."

ती हसली, आणि हसता हसता तिचा उजवा पाय माझ्यावर आला. तळव्याला भेगा होत्या. मग दुसरा पाय आला. इतकी वर्षं माणसं माझ्यावर बसली, वाकून, कण्हत. उभं राहिलेलं माणूस मी पहिल्यांदाच पेललं.

आता रोज सकाळी ती चढते, उतरते. पाठ अजून कुरकुरते, पण रात्री ती कुशीवर वळते. ती उंचीने थोडी कमी झाली आहे, आणि ती उंची परत येणार नाही, हे तिला दीदींनी गोड शब्दांत सांगून टाकलं आहे. मात्र माझ्यावर चढली की तिला खिडकीच्या वरच्या चौकटीतून तलावाकाठची झाडं दिसतात. ती तिथे जरा जास्तच थांबते. मी काही म्हणत नाही.

परवा गोल बाजारातला भांडेवाला चिराग कंबर धरून दारात आला. "काका, मर गया! पाट निकालो, एक लात मारो बस!"

अच्युतराव खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा डावा पाय जमिनीवर जरासा हलला, मी पाहिलं. त्यांनी प्रेमलाकडे पाहिलं. ती माझ्यावर उभी होती, जाळी धरून, पाठ जमेल तितकी ताठ करून.

"पाट मोकळा नाही, बाबू," ती म्हणाली. "आधी डॉक्टरले दाखवून ये. मग बस, चहा घे."

चिराग गोंधळून पाहतच राहिला. अच्युतराव परत खुर्चीत टेकले, आणि माणसं हसत गेल्यावर जसे दिसायचे तसे दिसले.

बाबांनो, तुमच्याही घरात एखादा पाट भिंतीला तोंड करून उभा असेल. त्याला एकदा उजेडात मांडा. आणि घरातलं कुणी म्हातारं पाठ धरून उठत असेल, तर आधी हळूच हात लावून बघा, श्वास कुठे अडकतो ते ऐका. मी आता थांबतो. ऊन माझ्यापर्यंत आलं आहे, आणि तिची पावलं इकडेच येत आहेत.