गुरुवारचा शर्ट

“आता चारचौघांत त्याला ढब्बू म्हणायचं नाही हं. फादर म्हणायचं.”

भावाच्या गुरुदीक्षेच्या दिवशी चर्चच्या पायऱ्या उतरताना आईनं माझा दंड धरून हे बजावलं होतं. खाली ढब्बू नव्याकोऱ्या पांढऱ्या झग्यात उभा होता आणि लोक एकेक करून त्याचे हात हातात घेत होते. मी म्हटलं, “आई, मी त्याला आंघोळी घातल्यात.”

“घातल्यास ना? मग झालं तर. आता तो सगळ्यांचा.”

मला ते ‘सगळ्यांचा’ तेव्हाच टोचलं.

मी देवाधर्माची बाई. पहाटेची जपमाळ चुकवत नाही, शुक्रवारी एक वेळ जेवते, एका नवसापायी चहातली साखर सोडलीय. त्यामुळे धर्मगुरूंनी बाहेर झगा घालावा की नाही असा विषय निघाला की बायका माझ्याकडे बघतात, मी ‘घालावाच’ म्हणणार या खात्रीनं. मी गप्प बसते. कारण मला त्या झग्याचा मत्सर वाटतो. कापडाचा कसला मत्सर, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

झग्यातल्या भावाबरोबर रस्त्यानं चालून बघा म्हणजे कळेल. दहा पावलं गेलं की, “फादर, जरा नातवाला आशीर्वाद द्या.” पुढच्या कोपऱ्यावर, “फादर, मुलीचं जमत नाहीये हो.” मी आपली पिशवी धरून बाजूला. एकदा एका बाईंनी त्याच्याशी बोलता बोलता स्वतःची छत्री माझ्या हातात दिली, मी चर्चची कामवाली असल्यासारखी.

आणि मग आईचा तो शेवटचा दिवस. मी फोन केला, “आत्ताच्या आत्ता नीघ.” तो निघालाही. बस स्टँडवर एका माणसाला गाडीनं उडवलं होतं. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, “ते बघा फादर! फादर, इकडे या!” तो गेला. त्या माणसाचा श्वास थांबेपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. इकडे आई दाराकडे बघत गेली. तो आला तेव्हा झग्यावर त्या परक्या माणसाचं रक्त होतं.

मी भांडले नाही. महिन्याभरानं एवढंच म्हटलं, “तुझ्या सुट्टीच्या गुरुवारी माझ्याकडे येशील तेव्हा शर्टात यायचं.” चौकड्यांचा एक शर्ट मीच घेऊन दिला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. चार वर्षं गुरुवार माझा होता. आम्ही बाजारात जायचो, बाकावर बसून शेंगा खायचो, आणि कुणीही त्याला हाक मारायचं नाही. मी मात्र मारायचे, ढब्बू म्हणून, चांगली मोठ्यानं.

मी कवळ्या करते. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे आमची खोली आहे. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात आणि त्याला बोलायला लावतात. ‘स’ शिटीसारखा आला, ‘फ’ म्हणताना वरचे दात ओठाला टेकले नाहीत, तर मेण तापवून दात सरकवायचे. त्यासाठी डॉक्टर मला बाहेर बोलावतात.

मागच्या सोमवारी एक आजी खुर्चीत होत्या. मी मास्क लावून, हातात मेणाची सुरी घेऊन उभी.

“बोला आजी, काहीही बोला,” डॉक्टर म्हणाले.

“काय बोलू? बोलण्यासारखं एकच आहे सध्या. आमच्या फादरांचं.”

“‘फ’ छान आला. पुढे?”

“आमचे फादर म्हणजे देवमाणूस हो. आमच्या ह्यांच्या आजारपणात रोज यायचे. ह्यांची नखंसुद्धा कापून द्यायचे, एवढं मायेनं! पण आता मेलं काय झालंय कोण जाणे. गुरुवारी साध्या शर्टात हिंडतात. आणि बरोबर एक बाई! चपलांच्या दुकानात गुडघ्यावर बसून तिच्या पायात चप्पल घालत होते. माझ्या भाचीनं डोळ्यांनी बघितलं.”

माझ्या हातातली सुरी थांबली. चपला माझ्याच होत्या. कंबर धरली होती म्हणून वाकता येत नव्हतं.

“विचारलं आम्ही. तर म्हणाले, बहीण आहे माझी. मी म्हटलं, फादर, सापडल्यावर सगळ्यांची बहीणच असते!”

डॉक्टर खो खो हसले. आजीही हसल्या, मेणातले दात सांभाळत.

“बहीण असती तर कधी चर्चमध्ये मिस्साला दिसली नसती? येत्या रविवारी आम्ही त्यांना सरळ सांगणार आहोत, बाहेर पडायचं तर झग्यातच. नाहीतर बिशपांकडे जाऊ. आमच्या फादरांना कुणी नासवलेलं आम्हाला चालायचं नाही.”

मास्क खाली ओढून ‘मीच ती’ म्हणायला काय लागत होतं? पण मला राग आला होता तो बदनामीचा नव्हता. नखांचा होता. आईची नखं शेवटपर्यंत मी कापली. ह्या बाईच्या नवऱ्याची त्यानं कापली, रोज जाऊन, आणि मला कधी बोललासुद्धा नाही. शिवाय दर वाक्यात ‘आमचे’. मी पुढे होऊन एवढंच म्हटलं, “आजी, जरा ‘स’ म्हणा.” आणि एक दात केसभर आत सरकवला.

गुरुवारी तो आला, शर्टातच. मी चहा टाकला आणि पाठमोरी राहूनच म्हटलं, “तुझ्याकडच्या एक आजी कवळी करायला आल्या होत्या. मला फूस लावणारी बाई म्हणतात म्हणे तुझ्याकडे.”

“तुझ्यापर्यंत आलं?” तो हसायला लागला. “ताई, या वयात तुझं नाव झालं बघ.”

“हसतोस काय! बिशपांपर्यंत नेणार आहेत.”

“नेऊ देत. बिशप तुला ओळखतात.” मग हसू ओसरलं. “पण त्या आजी आता पापनिवेदनाला येत नाहीत माझ्याकडे. आणखी दोघी-तिघीही. त्याचं वाईट वाटतं.”

“त्यांचंच वाईट वाटणार तुला. त्यांची नखं कापतोस.”

“त्यांच्या नवऱ्याची. आणि ती का कापली माहीत आहे? आईची कापायला मिळाली नाहीत म्हणून.”

चहा उतू गेला. मी फडकं घेऊन पुसत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

“त्या दिवशी झग्यात नसतास तर पोचला असतास,” मी म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं होतं, शर्टात असतो तरी थांबलो असतो, असं काहीतरी फादरांसारखं बोलेल. तो म्हणाला, “हो. कुणी हाक मारली नसती. मी पोचलो असतो. आणि तो माणूस स्टँडवर एकटा मेला असता. मला दोन्ही माहीत आहे. म्हणून तू शर्ट दिलास तेव्हा मी काही बोललो नाही.”

“मग काय करणार आता? घालणार झगा गुरुवारी?”

“घालावासा वाटतो. लोकांना मला शोधायला लागत नाही त्यानं. पण तू नको म्हणालीस तर नाही घालणार. बिशपांनी बोलावलं तरी बघून घेईन.”

त्यानं हे इतक्या सहज म्हटलं की मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच लाजही. त्याच्या अख्ख्या गावाविरुद्ध माझा एक गुरुवार. आणि तो मला द्यायला तयार होता.

“मी काय करू, ते सांग,” मी म्हटलं.

“एकदा मिस्साला ये. नंतर दाराशी माझ्या शेजारी उभी राहा. आपले दात बघितले तरी कळेल त्यांना.”

दोघांचाही सुळा पुढे आलेला, आईसारखा. पण दाराशी उभं राहायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ती सगळी जणं येणार, त्याचे हात धरणार, ‘आमचे फादर’ म्हणणार, आणि मी ते जवळून बघायचं.

“येईन,” मी म्हटलं.

“नक्की?”

“येईन म्हटलं ना. आणि घाल तुझा झगा. पण त्या बायकांनी मला छत्र्या धरायला दिल्या तर तुझं काही खरं नाही.”

रविवारी पहाटे माळ घेऊन बसले. माळेत पाच रहस्यं म्हणायची, त्यातली दोन त्या आजींच्या विचारातच गेली. ती पुन्हा म्हटली. मन काही निवळलं नाही, तेव्हा तसंच घेऊन उठले. साडी नेसले, आरशासमोर हसून बघितलं. मेणातल्या दातांसारखं वाटत होतं ते हसू, कधीही निसटेल असं.

दाराला कुलूप लावताना शेजारीण भेटली. “एवढ्या लवकर? आपल्या चर्चची घंटा व्हायचीय अजून.”

“दुसऱ्या चर्चला चाललेय. फादरांची बहीण आहे मी तिथल्या.”

कुलूप ओढून बघितलं आणि बस स्टॉपच्या दिशेनं चालायला लागले.