सत्याऐंशी महिने

चाचणी घेणाऱ्या टीना मॅडमनी रंजिताला भिंतीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "बीच में बोलायचं नाही, ताई. ओठ नाही, डोळे नाही, मानपण नाही. सगळ्या मुलांना आम्ही एकच प्रश्न एकाच तऱ्हेनं विचारतो. तुम्ही मदत केली की परीक्षा तुमची होते, तिची नाही."

रंजितानं होकारार्थी मान हलवली आणि दचकून थांबवली.

टेबलाशी खुशी बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. पहाटे केशोरीहून निघालेली पोर बसमध्ये दोनदा ओकली होती. आता इवलंसं तोंड करून ती मॅडमच्या हातातल्या घड्याळाकडे टक लावून बघत होती. बाहेर बाकावर लीलाधर गुरुजी होते, त्यांच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, शाळेचे मुख्याध्यापक. तपासणीला आलेल्या साहेबांनी दुसरीतल्या खुशीपुढे पुस्तक धरलं, तेव्हा ती गप्पच राहिली होती. साहेब म्हणाले, "हिची बुद्धीची चाचणी करून आणा." म्हणून गुरुजी या मायलेकींना घेऊन गोंदियाच्या दवाखान्यात आले होते.

बुद्ध्यांकाचा आकडा सत्तरच्या खाली आला, की मतिमंद असल्याचा दाखला निघणार. दाखला निघाला, की पोरगी दूरच्या निवासी शाळेत जाणार. सासू पार्वताबाईनं तर कालच सांगून टाकलं होतं, "तिथंच ठेवून द्या मंग. तिच्यासारकी लेकरं रायतेत तिथं." खुशी अजून आईचा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती.

"मी म्हणते ते आकडे तसेच म्हण."

तीन आकडे झाले, चार झाले. पाचव्याला खुशी अडली आणि तिनं आईकडे पाहिलं. रंजितानं डोळे घट्ट मिटून घेतले. पोटच्या पोरीनं हात पुढे करावा आणि आपण आपला मागे घ्यावा, तसं तिला झालं.

"चिमणी आणि विमान. दोघांत सारखं काय?"

बराच वेळ गेला. मग बारीक आवाज आला, "दोघं बी उडून राह्यले."

रंजिताला हसूही आलं आणि रडूही. तिनं पदराचा बोळा तोंडावर दाबला. टीना मॅडमनी न हसता कागदावर खूण केली.

तास-दीड तासानं त्यांनी गुरुजींना आत बोलावलं. भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. "साडेतीनला मोठे डॉक्टर सही करून निघतात, म्हणून सरळ सांगते. तिचे गुण तक्त्यात लावले, तर मानसिक वय येतं पाच वर्षं. मतलब, साधारण पाच वर्षांची मुलं जेवढं करतात तेवढं ती करते. साठ महिने. तिचं वय सात वर्षं तीन महिने, म्हणजे सत्याऐंशी. साठ भागिले सत्याऐंशी, गुणिले शंभर." त्यांनी मोबाईलवर बोटं चालवली. "एकोणसत्तर."

"एकानंच कमी झाला जी!" रंजिता बोलून गेली.

"एकट्या आकड्यावर मी दाखला देत नाही, ताई. हे माप थोडं इकडेतिकडे होतंच. आज एकोणसत्तर, दुसऱ्या दिवशी चौसष्ट येईल नाहीतर त्र्याहत्तर. म्हणून शाळेतलं कसं आहे तेही बघते. पण शाळेतही तिला काही जमत नाही."

रंजिताच्या डोक्यात मात्र एकच आकडा घुमत होता. सत्याऐंशी.

मागच्या वर्षीच्या जूनमध्ये गुरुजी अंगणात येऊन उभे राहिले होते. "वहिनी, पट एकोनीस हाये. वीस नाही झाले त शाळा जाईन. लेकरं नाल्यापलीकडं चालत जातीन." खुशीला तेव्हा पाचही पुरे नव्हते. माहेरच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला कुणी आणलाच नव्हता. गुरुजींनी जन्मसाल एकानं मागं धरून एक जुलै लिहिलं. टोलीतली अर्धी लेकरं एक जुलैचीच होती. पुढं आधार कार्डही त्याच तारखेचं निघालं.

तिनं गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी नजर जमिनीत घातली होती आणि मान अगदी किंचित हलवली. नाही. हाच माणूस सकाळी बसमध्ये खुशीचं ओकलेलं आपल्या रुमालानं पुसत होता.

"मॅडम," रंजिता म्हणाली, "पोरगी सातची नाही. सहाची हाये."

"वहिनी, कायले आता—"

"शाळेत तारीख वाढवून लिवली जी. मी हो म्हनलं होतं."

टीना मॅडमचा आवाज कडक झाला. "आकडा ऐकला की सगळ्याच आया वय कमी करतात, ताई. कागद आहे?"

कागद! रंजितानं नवऱ्याला फोन लावला. उमेंद्र बांधीत, भाताच्या शेतात, होता. "घरी जा, पेटीत पाहा, लुगड्याखाली. लशीचं कार्ड, अंगनवाडीचं. फोटो पाठवा, लवकर!"

"काऊन? काय झालं?"

"मंग सांगतो. पळा तुमी!"

तीन वाजून दहा झाले. शिपाई एकदा डोकावून गेला. पहिला फोटो आला तो सगळा अंगठ्याचाच. तीन वाजून एकवीस मिनिटांनी दुसरा आला. पिवळं कार्ड, नर्सबाईंची सही, जन्मतारीख दोन ऑगस्ट, आणि साल शाळेतल्यापेक्षा एकानं पुढचं. मॅडमनी फोटो मोठा करून पहिल्या लशीची तारीखही वाचली. मग बोटांवर महिने मोजले.

"चौऱ्याहत्तर. साठ भागिले चौऱ्याहत्तर." त्यांनी परत मोबाईलवर बोटं चालवली. "एक्याऐंशी."

"म्हंजे हुशार हाये काय जी?"

"म्हणजे ती सहा वर्षांची आहे, ताई. थोडी मागे आहे, तेही खरं. पण पहिलीच्या वयाची मुलगी तुम्ही दुसरीत बसवली, मग ती बोलेल काय?" त्यांनी दाखल्याचा कोरा फॉर्म खणात परत ठेवला. "हा मी देत नाही. शाळेची तारीख दुरुस्त करा, तिला पहिलीत बसवा आणि वर्षानं परत आणा. कार्ड तेव्हा सोबत पाहिजे."

रंजिता खुशीला घेऊन बाहेर आली. तिनं बाकावर बसून खुशीला कुशीत ओढलं.

"आई, मी पास झाली का?"

"तुही परीक्षा कुठं होती, बाई? आमचीच होती." तिनं पोरीच्या कपाळावर ओठ टेकवले.

गुरुजी उभेच होते. "तारीख बदलवली की साहेब इचारतीन. मले घरी बसवतीन कदाचित. शाळेचं काय होईन, मालूम नाही. पन सांगीन मी. तुमी मधात नका पडू, वहिनी."

"तुमी इचारलं, मी हो म्हनलं. सई माह्यीबी हाये. दोघं मिळून सांगू साहेबाले."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"सोमवारी साहेबाकडं याल?"

"सोमवारी येतो."