अवसेच्या भरतीत अडकलेला खून

मी एक जुने उतरते डेस्क आहे. फणसाच्या लाकडाचे. झाकण उघडून आत कागद ठेवायचे आणि समोर मांडी घालून लिहायचे. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी किहीमच्या धर्मा सुताराने मला घडवले. माझ्यावर कुणीतरी टापटिपीने पत्रे लिहील, एवढीच माझी अपेक्षा होती. पण मित्रांनो, माझ्या नशिबी चांगदेव मास्तर आले.

मास्तर घाटावरचे. शाळा सुटली की रहस्यकथा लिहीत. लिहीत कसले, खुनाची तालीमच माझ्यावर करीत! बत्त्याचा घाव किती खोल जातो ते पाहायला त्यांनी माझ्या कडेवर बत्ता हाणला. रक्त कसे ओघळते ते पाहायला तांबडी शाई ओतली. "खून तुम्ही करायचे आणि डाग मी काढायचे!" असे म्हणत त्यांच्या पत्नी वेणूबाई मला पुसत. माझी चौकशी मात्र कुणी केली नाही.

मुंबईचे एक प्रकाशक दर महिन्याला एक रहस्यकथा काढत. वर एकच टोपणनाव, आत आळीपाळीने लिहिणारे पाच जण. मास्तरांची अकरा पुस्तके त्या टोपणनावाखाली खपली आणि गावात कुणाला पत्ताही लागला नाही. अखेर १९५८ साली पत्र आले, की बारावे पुस्तक तुमच्या नावाने काढू. मास्तरांनी ते माझ्यावर ठेवून इतक्या वेळा वाचले, की मलाही पाठ झाले.

पण त्या प्रकाशकांना दम कसा तो नव्हता. सोळा पाने लिहून झाली की मांडव्याच्या लाँचीने मुंबईला पाठवायची आणि त्यांनी तो सोळा पानांचा फर्मा लगेच छापून टाकायचा. शेवट ठरण्याआधीच सुरुवात छापून तयार! असे चार फर्मे गेले. मग एके दिवशी मास्तर पडवीत बसून वेणूबाईंना सुरुवातीची छापून आलेली पाने वाचून दाखवू लागले. मासळी विकायला आलेली गोदूबाई टोपली उतरवून ऐकत बसली. गोष्टीत एका खोताचा समुद्रातल्या किल्ल्यात खून होतो. त्याचा दिवाणजी पोलिसांना सांगतो, की अवसेच्या भर दुपारी मी खोताच्या पुतण्याला वाळूवरून चालत किल्ल्यात जाताना पाहिले.

"मास्तर, अवसेच्या दुपारी दर्या भरलेला आसतो," गोदूबाई म्हणाली. "चालत कसा जाईल त्यो? बुडून मरंल न्हाय का!"

मास्तर पांढरेफटक पडले. अवस-पुनवेला दुपारी भरती, अष्टमीला दुपारी ओहोटी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मास्तर इथे अकरा वर्षे राहत होते! पंचांग माझ्याच पोटात होते. झाकण उघडायला कितीसा वेळ लागतो? पण नाही.

त्यांनी घाईने पत्र पाठवले. उत्तर आले, की छापलेले आता बदलणार नाही.

"सगळा किनारा मला हसेल," मास्तर वेणूबाईंना म्हणाले. "माझं नाव घालू नका, म्हणून कळवून टाकतो." माझे झाकण त्यांनी मिटले ते आठ दिवस उघडले नाही. त्यांचा मला राग आला होता, पण त्या आठ दिवसांत मला करमले नाही हेही खरे.

नवव्या दिवशी गोदूबाई बोंबील घेऊन आली. "फुडं काय झालं त्या गोष्टीचं?"

"काय व्हायचंय? तुमच्या भरतीनं पुस्तक बुडवलं."

"माजी कसली भरती! चालत गेला आसं सांगतो कोन?"

"दिवाणजी."

"मंग त्योच खोटा बोलतो. त्यानंच मारला आसंल."

मास्तर ताडकन उठले. मग त्यांनी माझे झाकण असे उघडले, की बिजागरी तुटली. पुतण्या सुटला, दिवाणजी पकडला गेला, आणि चूक होती ती पुरावा झाली. पुस्तक मास्तरांच्या नावाने निघाले. भरती-ओहोटीचा काय हा सूक्ष्म अभ्यास, असे म्हणत वाचकांची पत्रे आली. मास्तर ती हसतमुखाने वाचत. मला तर ऐकवत नव्हते.

गोदूबाई आल्यावर त्यांनी मुखपृष्ठावर बोट ठेवून दाखवले, "हे माझं नाव."

"आन माजं कुटं हाय?" तिने सहज विचारले.

मास्तरांनी टाक उचलला. मग माझ्यावर पुस्तक ठेवून त्यांनी स्वतःच्या नावाखाली शाईने तिचे नाव लिहिले आणि प्रत तिला दिली. वाचता येत नसतानाही तिने दोन्ही नावे निरखली. "तुमचं केवढं, आन माजं केवढंसं!" म्हणाली आणि हसत टोपलीत पुस्तक ठेवून गेली. बाकीच्या हजार प्रतींवर एकटे मास्तरच राहिले.

आता मी शाळेच्या अडगळीत आहे. मित्रांनो, माझी बिजागरी बसवा किंवा बसवू नका. पण तुमची चूक दाखवणारे, ती निस्तरणारे माणूस भेटले, तर पुस्तक छापायला जाण्याआधी त्याचे नाव त्यात घाला. नंतर शाईने लिहिलेले एकाच प्रतीवर राहते.